पॉइंटच्या गाड्यांचा करंट: वाचकांची प्रश्नोत्तरे

बुलेट, राजदूत, येझ्दी आणि एका बीएसएबद्दल आलेले हे प्रश्न. बहुतेक पत्रांत आधी पार्ट बदललेत आणि नंतर विचारलंय. पॉइंट म्हणजे कॅमवर उघडझाप होणारी दोन संपर्क-टोकं; ती उघडली की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगवर ठिणगी (गॅरेजच्या भाषेत करंट) पडते. अशा इग्निशनमध्ये पार्ट मोजकेच असतात आणि साध्या मल्टिमीटरवर जवळजवळ सगळे तपासता येतात. म्हणून खालच्या उत्तरांत मोजमापावर भर आहे.

प्रश्न (सातारा): बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, १२ व्होल्ट. थंड असताना एका किकमध्ये चालू होते. वीसेक किलोमीटरनंतर मिस मारून बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा चालू. दोनदा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला कपॅसिटर) बदलला, फरक नाही.

गाडी थंड झाल्यावर हा दोष लपतो, त्यामुळे गॅरेजमध्ये गाडी "बरोबर आहे" असंच उत्तर मिळत राहणार. तपासायचं ते बंद पडल्याच्या जागी, पहिल्या दोन मिनिटांत.

आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडून किक मारा. लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, इग्निशनला हात लावू नका. नाही झाली, तर झाकण घट्ट लावा, पेट्रोल बंद करा, प्लग काढा, टोपीत घालून त्याचा धातूचा भाग हेडला टेकवा (प्लगच्या भोकापासून दूर) आणि किक मारून करंट बघा. करंट नसेल तर पॉइंटचं कव्हर काढा. चावी चालू ठेवून, पॉइंट उघडे असताना पॉइंटच्या वायरवर मीटरने व्होल्टेज मोजा. तिथे बॅटरीइतकं व्होल्टेज दिसायला हवं. शून्य दिसलं तर कंडेन्सरची वायर सोडून पुन्हा मोजा. व्होल्टेज परत आलं तर कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय. तरीही शून्यच असेल तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय, नाहीतर कॉइलपर्यंत किंवा कॉइलमधून करंट येतच नाही.

व्होल्टेज ठीक आहे, पॉइंट बंद होताच ते शून्यावर येतं, पण उघडताना पॉइंटमध्ये मोठी निळी-पांढरी ठिणगी उडते आणि प्लगवर काही नाही, असं दिसलं तर कंडेन्सरने काम सोडलंय. नवा कंडेन्सरही असा असू शकतो. मीटरवर तो ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड दाखवतो आणि आपण त्याला पास करतो. पण मीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो, आणि पॉइंट उघडतात तेव्हा कंडेन्सरवर दोन-तीनशे व्होल्ट येतात. त्यात तो पॉइंटजवळ, इंजिनाच्या धगीत बसलेला. हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरांचा दर्जा पाहता आमचा सल्ला असा: ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घ्या आणि कॉइलजवळ, इंजिनापासून लांब बसवा. एक टोक कॉइलच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं स्वच्छ घासलेल्या अर्थला, म्हणजे बॉडीच्या धातूला. जुना कंडेन्सर सोडवून टाका, दोन्ही एकत्र ठेवू नका.

कंडेन्सर ठीक निघाला तर कॉइल. दोन्ही वायरी सोडून १२ व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी (त्या दोन वायरींमधलं वेटोळं) मोजा: साधारण ३ ते ४ ओहम. थंड असताना आणि गाडी बंद पडल्यावर, दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणून ३.४ चे ४ झाले तर घाबरू नका. मीटर मोकळं (जोडणीच नसल्यासारखं) दाखवू लागलं किंवा आकडा नाचू लागला, तर आत तार तुटलीय आणि गरम झाल्यावर टोकं दूर जाताहेत. ती कॉइल दुरुस्त होत नाही.

प्रश्न (अहिल्यानगर): राजदूत १७५ आठ वर्षं उभी होती. प्लगला करंटच नाही. मॅग्नेट उतरलं असेल का?

मॅग्नेट उतरणं हे शेवटचं कारण समजा. राजदूतला फ्लायव्हील मॅग्नेटो आहे, म्हणजे ठिणगीची वीज बॅटरीतून नव्हे, फिरत्या फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटमुळे तयार होते. अशा गाडीत चावी बंद करणं म्हणजे मॅग्नेटोची वायर बॉडीला जोडणं. आठ वर्षांत चावीचा स्विच आतून गंजून कायमचा "बंद" राहिलेला असू शकतो. म्हणून पहिलं काम: मॅग्नेटोकडून चावीकडे जाणारी वायर सोडा आणि किक मारा. करंट आला तर दोष स्विचमध्ये.

नाही आला तर फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट बघा. त्यांवर राखाडी पापुद्रा धरलेला असतो आणि तो वीज जाऊ देत नाही. बारीक झीरो पेपरची दुमडलेली पट्टी दोन-तीनदा ओढा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी, शेवटी कोरडी पट्टी. हा शेवटचा हात चुकवू नका. पेपरचा एक कण मध्ये राहिला तरी करंट येणार नाही. नंतर पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने ०.४ मिमी गॅप ठेवा.

पॉइंट पुसल्यावर पुन्हा तेलकट झाले तर क्रँकचं ऑइल सील गेलंय. टू-स्ट्रोकमध्ये तिथून हवाही आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं सील चालू करण्याआधीच बदलावं.

प्रश्न (कोल्हापूर): बुलेट किक उलटी मारते. मेकॅनिक टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बरोबर असल्याचं सांगतो. पाय दुखावला आहे.

पाय बरा होईपर्यंत किक मारू नका. दोष सापडेपर्यंत तर नाहीच.

दोन गोष्टी बघा. पहिली, पॉइंटखालचा ऑटो अॅडव्हान्स, म्हणजे इंजिनाचा वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा. कॅम बोटांनी फिरवून सोडा, स्प्रिंगने तो चटकन मागे आला पाहिजे. वाळलेल्या ग्रीसमुळे तो पुढेच अडकला, तर ठिणगी फार आधी पडते आणि पिस्टन उलटा ढकलला जातो. काढून रॉकेलने धुवा, स्प्रिंग ताणलेल्या असतील तर बदला, पिनला तेलाचा एक थेंब पुरे.

दुसरी, कामाचा क्रम. आधी गॅप, मग टायमिंग. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंगही पुढे सरकतं. ज्याने टायमिंग लावून नंतर गॅप "जरा" वाढवला, त्याने टायमिंग बिघडवलं. बुलेट ३५० ला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, आणि अॅडव्हान्स पूर्ण मागे असताना पॉइंट उघडायला हवेत पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी अलीकडे.

गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, प्लग काढलेला. मागचं चाक पुढच्या दिशेनेच फिरवा. मागेपुढे केलंत तर गिअरांच्या दात्यांमधली ढील मापात येते. टॅपेटचं कव्हर काढून दोन्ही पुशरॉड बोटांनी मोकळे फिरताहेत ना ते बघा. तसे फिरले की हा कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. प्लगचं भोक तिरकं असल्याने त्यातून घातलेल्या स्पोकचं किंवा डायल गेजचं माप थेट खरं येत नाही, तिरकेपणाचा हिशेब धरूनच ते वाचा. पॉइंटची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये १२ व्होल्ट ३ वॅटचा बल्ब जोडा. चावी चालू केल्यावर पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला, उघडताच पेटतो. बल्ब पेटतो तो क्षण ०.८ मिमीवर यायला हवा. लवकर पेटत असेल तर पॉइंटची प्लेट सैल करून कॅम फिरतो त्याच दिशेला किंचित सरकवा. काम झालं की चावी बंद करा, नाहीतर बंद पॉइंटमधून करंट वाहून कॉइल तापते.

प्रश्न (नाशिक): ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्ट केली. जुनी कॉइल चालेल का?

नाही. १.६ ओहमची कॉइल ६ व्होल्टवर पावणेचार अँपिअर घेते, १२ वर साडेसात. पॉइंट काळे पडतील, कॉइल जळेल. हॉर्न आणि बल्बही बदला.

प्रश्न (रत्नागिरी): येझ्दी नुकतीच पूर्ण रिस्टोअर केली, पावडर कोटिंगसकट. तेव्हापासून मिस मारते, पावसात जास्त.

पावडर कोटिंग वीज अडवतं, आणि ही खूण आम्हाला सगळ्यात आधी दिसते. बॅटरीची अर्थ वायर, कॉइलचा क्लॅम्प, इंजिनाचे बोल्ट, सगळे रंगावर घट्ट बसलेत. पॉइंट बंद असताना, चावी चालू ठेवून, मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टोकाला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा करा, आणि बॅटरीपासून थेट इंजिनाला एक जाड वायर द्या. मग बॅटरीचं दुसरं टोक आणि कॉइल यांच्यात मोजा. तिथे अर्धा व्होल्ट जरी पडला, तरी ६ व्होल्टमधला बारावा हिस्सा स्विच आणि फ्यूजच खातात.

पावसाळ्याचा भाग रात्री तपासा. अंधारात गाडी चालू ठेवून प्लगच्या वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. वायरीवर किंवा टोपीभोवती निळसर रेघा नाचल्या तर तांब्याच्या गाभ्याची नवी ७ मिमी वायर आणि ५ किलोओहमची रबरी टोपी घाला, आत थोडं सिलिकॉन ग्रीस.

प्रश्न (पुणे): बीएसए एम२०, ल्युकस मॅग्डायनो (मॅग्नेटो आणि डायनमो एकत्र). गरम झाल्यावर चालू होत नाही.

पॉइंट ०.३० मिमीवर आणा. मग पिकअप (प्लगच्या वायरला वीज देणारा कार्बन ब्रशचा भाग) काढून त्या भोकातून पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळलेली पेन्सिल स्लिपरिंगवर (तो ब्रश ज्यावर घासतो त्या फिरत्या कड्यावर) टेकवा आणि इंजिन हाताने फिरवा. फडक्यावर कार्बनची काळी भुकटी येते. ती येईनाशी होईपर्यंत फडकं बदलत राहा. एवढं करूनही दोष राहिला तर आर्मेचरमधला (मॅग्नेटोच्या फिरत्या वाइंडिंगच्या भागातला) कंडेन्सर गेलाय, आणि तो बदलायचा तर आर्मेचर बाहेर काढावं लागतं. त्याच वेळी वाइंडिंगही नवं करून घ्या.

प्रश्न (मडगाव): पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवावं का?

रोज चालणाऱ्या बुलेटला बसवायला हरकत नाही. पण आधी वरचे सगळे दोष काढा. खराब अर्थ आणि तुटकी कॉइल किटने बऱ्या होत नाहीत. बॅटरी अगदी उतरली की बरीच किट कामच करत नाहीत, तिथे पॉइंटची गाडी धक्का मारून चालू होऊ शकते. जुनी प्लेट सांभाळून ठेवा. आणि किट घेण्याआधी पॉइंटचा कॅम दोन बोटांत धरून आडवा हलवून बघा. ढील जाणवली तर शाफ्टचा बुश झिजलाय. तो आधी बदला, कारण गॅप आणि टायमिंग दोन्ही त्याच ढिलीमुळे सरकत असतील.