अधिग्रहण झालं म्हणून करार मोडतो का?

प्रश्न : अलिबागजवळच्या प्लॉटचं साठेखत केलंय. युद्धकाळात सरकारने ती जमीन ताब्यात घेतली, तर इसार परत करून विकासक मोकळा होऊ शकतो का?

उत्तर : सहसा नाही. संपादनात मालकी जाते. अधिग्रहणात फक्त ताबा, तोही तात्पुरता. सत्यव्रत घोष खटला (1954) असाच होता. कलकत्त्यातला प्लॉट, इसार 101 रुपये, आणि दुसऱ्या महायुद्धात जमीन सरकारकडे. प्लॉट विकणाऱ्या कंपनीने करार संपला असं धरलं. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. रस्ते-गटारं करून देण्याला मुदत नव्हती, आणि करार झाला तेव्हा युद्ध चालूच होतं. तेव्हा साठेखतात आधी मुदतीचं कलम शोधा. ठरल्या तारखेलाच ताबा, असं ठामपणे लिहिलं असेल तर विकासकाची बाजू जड होते. त्याने इसाराचा चेक पाठवला तर वटवू नका, लेखी हरकत घेऊन परत करा. वटवलात तर रद्द करायला तुमची संमती होती, असं तो म्हणणारच.

प्रश्न : देवगडची आंब्याची कलमं दोन वर्षं खंडाने घेतलीत. ऐन मार्चमध्ये सैन्याने बाग घेतली, तर खंड द्यायचाच?

उत्तर : कागदावर काय लिहिलंय? फक्त फळं विकत घेतली असतील, तर नोंदणी कायद्याने झाडावरचं फळ जंगम. आंबा उतरवणंच अशक्य झालं, तर करार कायद्याचं कलम 56 (पाळणं अशक्य झालेला करार रद्द ठरतो) पुढे करता येतं आणि त्या हंगामाची आगाऊ रक्कम कलम 65खाली मागता येते. जमिनीचाच भाडेपट्टा असेल तर मात्र पंचाईत. ताबा मिळालेल्या पट्ट्याला कलम 56 लागत नाही. ध्रुवदेव चंद खटल्यात (1968) फाळणीमुळे शेत सोडावं लागलेल्या पट्टेदाराला खंड परत मिळाला नाही. मग उरते सरकारी भरपाई. 1952च्या केंद्रीय कायद्यात (स्थावर मालमत्तेच्या अधिग्रहणाचा) तिचे दोन भाग आहेत : बाजारभावाचं भाडं, आणि जागा सोडण्याचा खर्च, मोडतोड वगैरे नुकसान. ताबा देतानाच्या पंचनाम्यात कलमांची संख्या, पंप, कुंपण लिहून घ्या. दोन वर्षांचा पट्टा नोंदवलेला नसेल (आपल्याकडे स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या की झालं!), तर मुदत सिद्ध करतानाच अडखळाल.

प्रश्न : मालवणचा ट्रॉलर वर्षभरासाठी भाड्याने दिलाय. नौदलाने घेतला तर?

उत्तर : कराराचे उरलेले महिने मोजा. सरकारकडून सुटल्यावर पुरेसा काळ उरणार असेल तर करार टिकतो, नाहीतर संपतो. इंग्लंडच्या टॅम्प्लिन खटल्यात (1916) सरकारने घेतलेल्या जहाजाचा करार पाच वर्षांचा होता, तो टिकला. बँक लाइन खटल्यात (1919) बारा महिन्यांचा, तो संपला. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण तुमचा करार दुसऱ्याच्या जवळ जातो. भरपाईसाठी बुडालेलं उत्पन्न मांडताना पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस आधीच वगळा. नाहीतर बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.