वाचकांचे प्रश्न : वीस वर्षांनंतरचा नकाशा खरा मानावा का?

प्रश्न : आमचे गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. नुकतेच एका कार्यक्रमात आमच्या परिसराचा 2045 सालचा नकाशा दाखवण्यात आला. त्यात गावालगतची बरडी (खडकाळ गवताळ माळ) बहुतेक शेतीखाली गेलेली दिसत होती, जंगल मात्र जवळपास आहे तेवढेच होते. हे संगणकीय प्रारूप नव्वद टक्क्यांहून अधिक अचूक असल्याचेही सांगण्यात आले. असा नकाशा कसा करतात, त्यावर कितपत विसंबावे, आणि पशुपक्ष्यांचे काय होईल हे त्यावरून कळते का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : असे नकाशे करण्याची रूढ रीत अशी की, एकाच परिसराचे दोन जुने नकाशे उपग्रहचित्रांवरून तयार करतात आणि ते चौकटीला चौकट (म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, पिक्सेल) लावून ताडून पाहतात. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे 1972 पासूनची आहेत, आणि 2008 पासून ती विनामूल्य मिळू लागल्याने हे काम महाविद्यालयांच्याही आवाक्यात आले. कुरणाचे शेत किती झाले, शेताचे बिनशेती किती झाले, याचा हिशेब निघाला की तोच वेग पुढे चालू राहील असे धरून मार्कोव्ह साखळीच्या (आजच्या स्थितीवरून पुढच्या स्थितीची शक्यता काढण्याच्या) गणिताने भविष्यातील प्रमाण काढतात. बदल नेमका कोठे होईल, हे जमिनीचा उतार, रस्त्यापासूनचे व पाण्यापासूनचे अंतर आणि शेजारच्या चौकटींत काय आहे यांवरून ठरवतात. वेग तोच राहील हे गृहीतक आपल्याकडे जपूनच घ्यावे लागते. रावेर-यावल पट्ट्यात केळी ज्या भूजलाच्या आधारावर वाढली, ते पाणी खोल गेल्यावर पुढची वीस वर्षे मागच्यासारखी कशी जातील?

आता अचूकतेविषयी. समजा, शंभर चौकटींपैकी आठच प्रत्यक्षात बदलल्या. मग ‘काहीच बदलणार नाही’ असे डोळे मिटून सांगणाराही 92 टक्के बरोबर ठरतो! म्हणून विचारायचे ते हे, की ज्या चौकटी खरोखर बदलल्या त्यांतील किती प्रारूपाने ओळखल्या. भूगोलतज्ज्ञ रॉबर्ट गिल पाँटियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली अशा 13 अभ्यासांची तपासणी प्रसिद्ध केली. चौकटी एकत्र न करता त्यांच्या मूळ आकारातच पाहता त्यांतील 12 अभ्यासांत बरोबर ओळखलेल्या बदलापेक्षा चूकच जास्त होती.

माझ्या मते खानदेशात याहून मोठा घोटाळा आधीच, म्हणजे मूळ नकाशातच होतो. एप्रिलमधले चित्र डोळ्यांसमोर आणा. सातपुड्यातला साग निष्पर्ण उभा असतो, कपाशीची शेते रिकामी झालेली असतात, आणि पायथ्याच्या गावांत केळी मात्र, लागवड जूनची (मृगबाग) असो की ऑक्टोबरची (कांदेबाग), हिरवीगार असते. लँडसॅटची एक चौकट 30 मीटर लांब-रुंद; तिच्यातून केळीचे खोड की जंगलातले झाड हे दिसत नाही, हिरवेपणा तेवढा दिसतो. एकाच महिन्याच्या चित्रावर काम केले, तर बाग घनदाट वनस्पती ठरते आणि खरे जंगल झुडपी किंवा पडीक म्हणून नोंदले जाते. पावसाळ्यानंतरचे आणि उन्हाळ्यातले अशी निदान दोन चित्रे जोडून पाहिल्यास ही चूक पुष्कळ कमी होते.

यातच आपल्या बरडीचे उत्तर आहे. गवताळ माळाला वर्गीकरणात ‘पडीक’ हे नाव मिळाले की संगणकाच्या लेखी ती रिकामी जागा होते, आणि शेती, रस्ता किंवा सौर प्रकल्प यांना ती बिनविरोध देऊन टाकली जाते. धुळ्याजवळचे लळिंग कुरण पाहिलेल्या माणसाला तिथे लावे, चंडोल, धाविक या पक्ष्यांचा माळ दिसेल. ‘पडीक’ या शब्दात त्यांची नोंद कुठेच नसते.

पशुपक्ष्यांवरील परिणामासाठी या भूवापराच्या (कोणती जमीन कशाखाली आहे याच्या) नकाशावर दुसरे गणित चढवावे लागते : कोणत्या प्रजातीला कसला अधिवास लागतो, तुकडे केवढे उरतात, त्यांच्यातील अंतर किती. रानपिंगळ्याचे उदाहरण घ्या. 1873 साली शास्त्रीय वर्णन झालेला हा पक्षी 1884 नंतर कोणाला खात्रीने दिसला नव्हता. 1997 साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो दिवसा शिकार करतो, त्याला विरळ पानझडी जंगल, खालची मोकळी जमीन आणि घरट्यासाठी ढोली असलेली जुनी झाडे लागतात. ‘विरळ जंगल म्हणजे बिघडलेले जंगल’ अशी समजूत धरून गुण देणारे प्रारूप नेमके त्याचेच घर कमी प्रतीचे ठरवील. उलट, एकूण जंगलाचे क्षेत्र तेवढेच राहिले पण त्यात शेतांच्या पट्ट्या घुसल्या, तर आकडा हलत नाही आणि ढोल्यांची झाडे मात्र जातात. आपल्याला दाखवलेल्या नकाशात जंगल ‘आहे तेवढेच’ दिसले, त्याचा अर्थ म्हणूनच तपासून घ्यावा.

पुढच्या वेळी सादरकर्त्यांना विचारा, की चित्रे कोणत्या महिन्यांची होती, बरडी कोणत्या वर्गात घातली, आणि जुन्या नकाशांवरून सध्याचा नकाशा काढून पाहिला असता बदललेल्या चौकटींपैकी किती जुळल्या. शक्य असल्यास बरडीवर कोणत्या महिन्यात कोणते गवत उभे असते आणि गुरे कोठे चरतात, हे गावातील गुराख्यांकडून गावनकाशावर खुणा करून घ्या. वर्गीकरण दुरुस्त करायला ती नोंद उपयोगी पडेल.