संग्रहालयातल्या वस्तूंचे डिजिटल जतनासाठी फोटो काढायचे आहेत. कॅमेरा कोणता घ्यावा? फ्लॅश चालेल का?

कॅमेऱ्याची चिंता सर्वात शेवटी करा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) देणारा आणि लेन्स बदलता येणारा कुठलाही बरा कॅमेरा या कामाला पुरतो. त्याला मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारकावे टिपणारी) आणि न हलणारा ट्रायपॉड जोडा, उरलेले पैसे दिव्यांवर खर्च करा. मी हेच काम करतो. माझ्या मते जतनासाठी काढलेला फोटो म्हणजे वस्तूचं मोजमाप असतं, तो सुंदर दिसणं ही नंतरची गोष्ट.

२ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. त्यानंतर तिथल्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, की तुमच्याकडे इथल्या वस्तूंचे फोटो असतील तर पाठवा. पण पाहुण्याने काढलेल्या फोटोत वस्तू फक्त दिसते. तिची उंची किती, रंग नेमका कोणता, मागच्या बाजूला काय आहे, नोंदवहीत तिचा क्रमांक काय, हे त्यातून कसं कळणार? तुमच्या फोटोंनी ही उत्तरं द्यायला हवीत.

म्हणून प्रत्येक वस्तूच्या निदान एका फोटोत मोजपट्टी, कलर चेकर (२४ ठरावीक रंगांचं कार्ड) आणि नोंद क्रमांकाची चिठ्ठी हवीच. कलर चेकरवर वस्तूइतकाच प्रकाश पडला पाहिजे. तो कोपऱ्यात सावलीत ठेवलात तर उपयोग नाही. नंतर संगणकावर रंग जुळवायचे ते या चेकरवरून, डोळ्यांच्या अंदाजाने नाही. गंज खुलवू नका, डाग पुसू नका. आज दिसणारा तडा उद्या वाढला का, हे पुढच्या माणसाला याच फोटोवरून ठरवायचं असतं.

आता फ्लॅश. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश नको. त्याने चकचकीत पृष्ठभागावर पांढरा ठिपका उमटतो आणि कोरीवकाम सपाट दिसतं. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांवर एकाच जातीचे, ९५ च्या वर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) असलेले दिवे डिफ्यूझर म्हणजे प्रकाश मऊ करणारा पडदा लावून ठेवा. खिडकी झाका, खोलीतले दिवे बंद करा. कापड, जलरंग, जुना कागद यांच्यावर प्रकाशाचा परिणाम साचत जातो, एकदा उडालेला रंग परत येत नाही. प्रदर्शनातही अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचं एकक) इतकाच प्रकाश ठेवतात. तेव्हा मांडणी आणि फोकस एखाद्या साध्या, कमी मोलाच्या वस्तूवर जुळवून घ्या, खरी वस्तू शेवटी आणा आणि फोटो झाला की दिवा बंद.

झिजलेली नाणी आणि शिलालेख यांचं गणित वेगळं. तिथे दिवा अगदी आडवा, पृष्ठभागाला घासून जाईल असा लावा आणि त्याची दिशा बदलत अनेक फोटो घ्या. समोरच्या प्रकाशात न दिसलेलं अक्षर अचानक उठून येतं. मला या कामातला हाच भाग सर्वात आवडतो. याची पुढची पायरी म्हणजे आरटीआय, म्हणजे रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग. कॅमेरा आणि वस्तू जागेवर ठेवायची, दिवा चहूबाजूंनी फिरवत डझनावारी फोटो काढायचे. शेजारी ठेवलेल्या चकचकीत काळ्या गोळीवरच्या चमकेवरून सॉफ्टवेअर प्रत्येक वेळची प्रकाशाची दिशा ओळखतं. मग पडद्यावर हवा तिकडून प्रकाश टाकून पाहता येतं. या पद्धतीचा पाया टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेत घातला. २००५ मध्ये अथेन्समध्ये अँटिकिथेरा यंत्राच्या (खगोलीय गणितासाठीचं प्राचीन ग्रीक यंत्र) तुकड्यांवरची अक्षरं वाचायला तिचा उपयोग झाला.

वस्तू उचलण्याचं काम संग्रहालयाच्या जाणत्या माणसाकडेच राहू द्या. धातूला नायट्राइलचे हातमोजे हवेत, कागदाला स्वच्छ कोरडे हात बरे.

फाइलचं नाव नोंद क्रमांकावरूनच द्या आणि तेही त्याच दिवशी. बिननावाच्या फोटोंचा ढीग नंतर कुणीच निस्तरत नाही. रॉ जपा, १६ बिट टिफ (रंगांचे बारकावे न गमावणारा फाइलप्रकार) ही मूळ प्रत, दाखवायला जेपेग. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून निघणारा, तिच्यात बदल झाला की बदलणारा आकडा) नोंदवून ठेवा आणि अधूनमधून तो जुळतो का ते तपासा. फाइल खराब झाली तर ते वरवर पाहून कळत नाही, आणि कळेपर्यंत चांगली प्रतही पुसली गेलेली असू शकते.