विद्यार्थी साहाय्याचे काम हाती घेताना

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

महाविद्यालयाने विद्यार्थी साहाय्य समितीचे काम तुझ्याकडे सोपवल्याचे कळले. नोकरीत नव्याने आलेल्या माणसाकडे हे काम येते, कारण ज्येष्ठांना ते नको असते. माझ्याकडेही ते असेच आले होते.

पहिल्या वर्षी मी मदत मिळालेल्या 19 मुलांची नावे मोठ्या हौसेने सूचनाफलकावर लावली आणि प्राचार्यांच्या हस्ते धनादेश देतानाची छायाचित्रेही काढवून घेतली. दुसऱ्या वर्षी अर्ज आले 4. गरजू मुलांची संख्या घटल्याचे मी अहवालात लिहूनही टाकले. पुढे ग्रंथालयाच्या शिपायाने सहज बोलता बोलता सांगितले, की डबा न आणणारी काही मुले मधल्या सुट्टीत वाचनकक्षात वर्तमानपत्र उघडून बसतात आणि पान काही उलटत नाहीत. त्यांतली दोघे फलकावरच्याच यादीतली निघाली. तेव्हापासून नावांची वही मी कपाटात कुलूपबंद ठेवली. तूही तसेच कर.

आता कागदपत्रांविषयी, कारण खरी गळती तिथे होते. आपल्या बीडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, आणि नेमकी या मधल्या काळातच शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची धावपळ असते. घरी आजी एकटी, शिधापत्रिका वडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, गेलेली, मग तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात हेलपाटे घालायचे कोणी? म्हणून प्रवेश होताच, पालक गावात आहेत तोवर, दाखले काढून घ्यायला सांग. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज भरला की काम झाले असे मुलांना वाटते, पण तो पडताळणीसाठी महाविद्यालयाच्याच लॉगिनवर पडून राहू शकतो. दर आठवड्याला कार्यालयात लिपिकाशेजारी खुर्ची घेऊन बसलास तर बरेच अर्ज पुढे सरकतील. मंजूर रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते आणि ते खाते पुष्कळदा शाळेत असताना काढलेले, व्यवहाराअभावी बंद पडलेले असते, हेही आधीच तपासून घे.

शिष्यवृत्ती येते, परंतु उशिरा येते. परीक्षेचा अर्ज, खानावळीचे बिल आणि एसटीचा पास तोवर थांबत नाहीत. त्यासाठी प्राध्यापकांच्या स्वेच्छा वर्गणीतून लहानसा निधी उभा कर आणि त्यातून हजार-दोन हजार रुपये त्याच दिवशी, अर्ज न मागता देता येतील अशी व्यवस्था ठेव. परतफेडीची सक्ती मी कधी केली नाही. काहींनी पुढे नोकरी लागल्यावर आपणहून पैसे आणून दिले, काहींनी दिले नाहीत, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

कमवा आणि शिका योजनेबाबत मात्र थोडा सावध राहा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि अंगमेहनतीची कामे सगळीच करत, त्यामुळे त्या श्रमाला कमीपणा चिकटला नाही. आपल्याकडे मात्र गरीब मुलगा वर्गमित्रांच्या देखत बागेला पाणी घालतो आणि बाकीचे कट्ट्यावर बसून बघतात; याला कर्मवीरांची परंपरा म्हणण्याचे धाडस मला होत नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक कक्ष येथे कामे दे, आणि बागेचे काम असेलच तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या सगळ्या मुलांना त्यात घे. तासिकांच्या वेळी काम लावू नकोस, हे वेगळे सांगायला नको, पण लावले जाते म्हणून लिहिले.

आणि फी थकली म्हणून कोणाला परीक्षा दालनाबाहेर उभे केलेले दिसले, तर आधी त्याला आत नेऊन बसव. हिशेब पेपर सुटल्यावर पाहता येतो.

तुझा,
जुना शिक्षक