कृष्णविवरांची जोडी शोधायची, मग इंजिनिअरिंगचं काय?

प्रश्न: मुलगी पीयूसी पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला) सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. एकमेकींत मिसळणाऱ्या दीर्घिकांमधल्या (गॅलॅक्सींमधल्या) कृष्णविवरांच्या जोड्या रेडिओ दुर्बिणीने शोधायच्या, असं म्हणते. आमचं मत इंजिनिअरिंगचं. यात पोटापाण्याचं काय? (एक वडील, खानापूर तालुका)

उत्तर: नमस्कार. या वयात इतका नेमका विषय सांगणारी मुलं फार थोडी भेटतात. तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका.

आधी काम समजून घ्या. दीर्घिका मिसळताना केंद्राभोवती धूळ दाटते, प्रकाश अडतो. रेडिओ लहरी मात्र आरपार येतात. अँटेना जितक्या दूरदूर, तितकं बारीक दिसतं. अमेरिकेच्या व्हीएलबीए या रेडिओ दुर्बिणीच्या १० अँटेना हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत पसरल्या आहेत. २००६ मध्ये ०४०२+३७९ या दीर्घिकेत त्यांनी एकमेकांपासून जेमतेम २४ प्रकाशवर्षं अंतरावर असलेल्या कृष्णविवरांची जोडी दाखवली. पण दोन ठिपके दिसले म्हणजे जोडी सापडली असं नाही. एक ठिपका कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या झोतातली तेजस्वी गाठही असू शकतो. म्हणून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला तेज मोजतात: गाठीचं तेज वरच्या फ्रिक्वेन्सीला झपाट्याने उतरतं, कृष्णविवराजवळच्या गाभ्याचं फारसं उतरत नाही. हे सगळं गणित, सिग्नल आणि प्रोग्रॅमिंगचं काम.

म्हणूनच घरात इंजिनिअरिंग की फिजिक्स हा वाद आत्ता नको. पीयूसीनंतर आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा द्यावी, सोबत इंजिनिअरिंगसाठी सीईटीही. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तरी वाट बंद होत नाही. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात बीई झालेलेही पीएचडीसाठी अर्ज करतात. पीएचडीच्या सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये फेलोशिप असते. खरं सांगायचं तर कायमच्या जागा कमी आहेत आणि स्थिर व्हायला तिशी उलटते. तेवढा धीर तुम्हालाही हवा. मध्येच वाट बदलली, तरी प्रोग्रॅमिंग आणि डेटाचं काम हाताशी राहतंच.

इंग्रजीची धास्ती मला जास्त वाटते. फिजिक्सचा प्रत्येक धडा तिने आधी मराठीत तुम्हाला समजावून सांगावा, मग त्यातली गणितं इंग्रजीत सोडवावी. पायथॉन सुट्टीत सुरू करता येईल.

आणि २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, तिला नारायणगावजवळच्या खोडदला न्या. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. त्या दिवसांत लोकांना आत सोडतात, काम करणारे इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ तिथेच भेटतात. पगाराचा प्रश्न त्यांनाच थेट विचारा.