काळाघोड्याची एक संध्याकाळ

प्रश्न : आम्ही नवरा-बायको नाशिकहून एका दिवसासाठी मुंबईला येतोय, तिला चित्रं बघायचीत, मला निवांत बिअर प्यायचीय. दोन्ही एकाच भागात जमेल का हो?

उत्तर : जमेल की! सकाळी धोबीतलावला कयानीत ब्रुन मस्का (कडक पाव नि लोणी) नि चहा घ्या, 1904 पासूनचं इराणी हॉटेल आहे, असली हॉटेलं कमी होत चाललीत म्हणून मी तर प्रत्येकाला आधी तिथेच पाठवते. मग काळाघोडा. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 ची, तिकीट नाही, आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथेच बसलेला असतो तर लाजू नका, वहिनींना सांगा सरळ जाऊन बोला, तेही खूश होतात. समोरच्या बाजूला एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, एकेक मजला चढत थेट घुमटाखाली पोचता, पण सोमवारी बंद हां!

संध्याकाळी चालत कुलाब्याला कॅफे मोंडेगार. भिंतींवर मारिओ मिरांडांची कार्टून्स, म्हणजे तुमची बिअर आणि वहिनींची चित्रं एकाच टेबलावर. शनिवार-रविवारी गर्दी फार, जरा लवकर जा.