वाचकांचे प्रश्न : वाफेच्या गाडीने दरी चढताना

प्रश्न : मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं (वय 69 आणि 65) त्याच्याकडे जाणार आहोत. तो तिथल्याच कोलोरॅडो राज्यातल्या ड्युरँगो ते सिल्व्हरटन या वाफेच्या गाडीची तिकिटं काढतो म्हणतोय. पूर्ण दिवस जातो. परत येताना बसचाही पर्याय आहे, पण हिला घाटात बस लागते. एवढा वेळ बसण्यासारखं आहे का? कुठल्या बाजूच्या जागा घ्याव्यात?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : जरूर जा, आणि जाता-येता दोन्ही वेळा गाडीनेच या. बसने तासा-दीड तासात परत येता येईल, पण तो रस्ता मोलास खिंडीवरून जातो. तिची उंची 10,900 फुटांच्या वर आणि वळणं नुसती एकापाठोपाठ एक. वहिनींना बस लागत असेल तर तो विचारच सोडा. गाडीला एका बाजूला साडेतीन तास लागतात आणि मध्ये सिल्व्हरटनला जेवायला, पाय मोकळे करायला सुमारे दोन तास मिळतात.

माझी सगळी नोकरी परळ वर्कशॉपमध्ये बॉयलरवर गेली. तेव्हा डोंगर-नदीबरोबर इंजिनाबद्दलही चार शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही लाइन 1882 मध्ये सिल्व्हरटनला पोहोचली ती तिथल्या खाणींतली चांदी आणि सोनं खाली आणायला. रूळांची रुंदी तीन फूट. आपल्या माथेरानची दोन फूट, म्हणजे तिच्या दीडपट. पण इंजिन बघाल तर माथेरानची आठवणही येणार नाही. तिथली के-36 जातीची इंजिनं फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात 1925 मध्ये बनली. सुटायच्या आधी अर्धा तास फलाटावर पोहोचा आणि चाकांजवळ उभे राहा. रूळ अरुंद, म्हणून इंजिनाची फ्रेम चाकांच्या बाहेरून घेतली आहे. त्यामुळे क्रँक, म्हणजे चाकं फिरवणारे आखूड दांडे, आणि त्यांची जाडजूड वजनं सगळी बाहेर, डोळ्यांसमोर फिरतात. मुलाला म्हणावं, व्हिडिओ काढायचा तर तिथला काढ.

जागा जाताना उजव्या बाजूच्या घ्या. वाटेतल्या रॉकवूड ठाण्यानंतर गाडी कड्यात सुरुंग लावून कोरलेल्या अरुंद वाटेवर चढते आणि खाली सुमारे 400 फुटांवर अ‍ॅनिमस नदी दिसते. तिथे गाडी अगदी हळू चालते. वेग एरवीही ताशी 30 किलोमीटरच्या आतच असतो. पुढे गाडी नदीच्या काठाने जाते आणि मध्ये एका टाकीपाशी पाणी भरायला थांबते. जाऊन-येऊन सुमारे 10,000 गॅलन, म्हणजे 38,000 लिटर पाणी लागतं. कोळसा होता तेव्हा तोही दिवसाला सहा टनांच्या घरात जायचा आणि तो सगळा फायरमन फावड्याने टाकायचा. 2018 मध्ये त्या भागात मोठा वणवा पेटला आणि त्यानंतर इंजिनं तेलावर घेतली गेली. कोळशाच्या वासावर जीव असलेल्या माझ्यासारख्याला हळहळ वाटते, पण सुकलेल्या जंगलातून ठिणग्या उडवत जाणं योग्य नव्हतंच.

आता तब्येतीचं. ड्युरँगो 6,512 फुटांवर आहे, सिल्व्हरटन 9,318 वर. माथेरानच्या साडेतीनपट उंची झाली. डेन्व्हरला चार-सहा दिवस राहून मगच निघा, ड्युरँगोला आदल्या रात्रीच मुक्काम करा, पाणी भरपूर प्या आणि सिल्व्हरटनला उतरल्यावर भरभर चालू नका. ब्लडप्रेशर किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर इथल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. ऑगस्टमध्ये दुपारी तिकडे गडगडाटी सरी येतात, म्हणून उघड्या डब्याचा मोह टाळा आणि स्वेटर हाताशी ठेवा.

प्रश्न : आजोबा, वाफेचं इंजिन भक-भक आवाज का करतं? डिझेलचं तसं करत नाही.
– इयत्ता सहावी, विक्रोळी

उत्तर : शाब्बास, हाच प्रश्न विचारायला हवा. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते, तो तो आवाज. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार भक येतात. गंमत पुढे आहे. ती वाफ वर जाताना भट्टीतून धूर आणि हवा ओढून नेते, त्यामुळे आग फुलते. चढ लागला, ओझं वाढलं, की भक मोठी होते, ओढ वाढते आणि आग आपोआप जास्त पेटते. कोणी पंखा लावायला नको! म्हणून वाफेची गाडी बघायची तर चढावर बघावी.

भट्टीच्या आतही आवाजाचंच काम. भट्टीच्या आणि बॉयलरच्या पत्र्यांना जोडणारे शेकडो स्टे, म्हणजे आखूड धातूचे दांडे असतात. थंड इंजिनाच्या भट्टीत शिरून आम्ही एकेका स्टेवर हातोडीचा टोला मारायचो. धड असेल तर खणखणीत वाजतो, तुटलेला असेल तर बद्द. कान तयार व्हायला वर्षं लागतात.

प्रश्न : अमेरिका परवडणारी नाही. वाफेची गाडी आणि डोंगर-नदी, दोन्ही भारतात कुठे मिळेल?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : निलगिरीला जा. मेट्टुपालयम ते उदगमंडलम, म्हणजे आपलं उटी, 46 किलोमीटरची मीटरगेज लाइन. त्यातला कल्लार ते कुन्नूर हा टप्पा खरा. चढ इतका की 12 फुटांना जवळजवळ एक फूट वर. नुसत्या चाकांच्या पकडीवर तिथे गाडी चढत नाही, म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्यात अडकत वर सरकतं. इंजिन मागून ढकलतं, त्यामुळे पुढच्या डब्यातून समोरचं रान मोकळं दिसतं. भक-भक ऐकायची असेल तर मात्र मागच्या डब्यात बसा. मी मागेच बसेन.

दार्जिलिंगलाही वाफेचं इंजिन घूमपर्यंत फेरी मारतं. तीही छान आहे, पण नदीचं खोरं हवं असेल तर निलगिरीच. तिकिटं आयआरसीटीसीवर लवकर काढा, सुट्टीच्या दिवसांत मिळत नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा. परतीच्या पावसात त्या घाटात दरडी कोसळतात आणि गाडी दिवसचे दिवस बंद राहते. कुन्नूरपासून उटीपर्यंत डिझेल इंजिन लावतात, तेव्हा वेळ कमी असेल तर कुन्नूरलाच उतरलात तरी चालेल.